काळ्या पट्टीचं मोजमाप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, शेवटी पोरं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली. मंचावर दहा वर्षांची संजना उभी होती, डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधलेली. प्रेक्षकांतून कुणीतरी तिच्या हातात वर्तमानपत्र दिलं. तिनं ते पोटाशी धरलं, क्षणभर थांबली आणि घडाघडा वाचायला लागली, "मनमाडच्या बाजारात कांद्याची आवक वाढली..." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंना तर रडूच आलं.

मी दाराशी उभा राहून हे बघत होतो आणि माझा नुसता जळफळाट होत होता. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या जळफळाटामुळेच झाला.

मी इथे नाशिकला विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवतो. विज्ञान दिनाचा मेळावा अकरा वर्षं मी भरवला. शाळांना पत्रं मी लिहायचो, आश्रमशाळांच्या बसगाड्यांसाठी फोन मी करायचो, मांडववाल्याशी भांडणंही माझीच. यंदा ते काम तेजस्विनीकडे गेलं. तेजस्विनी एकेकाळची माझी विद्यार्थिनी, आता माझी सहकारी. हुशार आहे, हे मला मान्य करावं लागतं आणि ते करताना दात दुखतात. तिनं मेळाव्याला नवं नाव दिलं, मुलांना टी-शर्ट दिले, रील्स केल्या, आणि माझ्या लंबकाला जागा दिली ती कॅन्टीनमागे, सायकल स्टँडच्या शेडमध्ये. सकाळपासून माझ्याकडे नऊ माणसं आली होती. त्यातल्या चौघांना स्वच्छतागृह कुठंय ते हवं होतं.

उरलेल्यांपैकी दोघं म्हणजे बुधा आणि त्याची आठ वर्षांची मुलगी मीना. मीना पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या सहलीबरोबर आली होती. तिच्या दोन्ही पापण्या जन्मापासून खाली आलेल्या, बुबुळं निम्मी झाकलेली. त्यामुळे ती हनुवटी वर करून चालायची आणि लोकांना वाटायचं, पोरगी ताठ्यात आहे.

"उद्या इथंच दवाखान्यात पापणी उचलायची हाय," बुधा म्हणाला. "डाक्टर बोलला, आता उशीर नको, नाय तर डोळे आळशी होतील. मला लय भ्याव वाटतं, सर. डोळ्यापाशी कात्री म्हंजे..."

मी त्याला धीर दिला. मीनाला लंबक दाखवला. तेवढ्यात सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या आणि दोघंही तिकडे गेली. पाठोपाठ मीही गेलो. मला बघायचं होतं की माझी गर्दी कोण खातंय.

गर्दी खात होते 'प्रज्ञानयन अकादमी'चे डॉ. शेखर. कशाचे डॉक्टर, हे मी तेजस्विनीला तीनदा विचारलं होतं. तिनं तीनदा "सर, पालकांची खूप मागणी होती" असं उत्तर दिलं होतं.

"मेंदूच्या मधोमध एक खिडकी आहे!" शेखर हातवारे करून सांगत होते. "आपण तिला काय केलं? शाळेत घालून बंद केलं! आम्ही ती क्वांटम श्वसनानं उघडतो. अल्फा लहरी सुरू झाल्या की डोळे हवेत कशाला? डोळे हा जुना मार्ग झाला, मित्रांनो. जुना मार्ग!"

डोळे हा जुना मार्ग! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथूनच ओरडलो, "पट्टी पातळ आहे तुमची!"

सगळ्या माना वळल्या. तेजस्विनी घाईघाईनं माझ्याकडे आली. "सर, प्लीज. आज नको."

"येऊ द्या, येऊ द्या," शेखर गोड हसत म्हणाले. "विज्ञानाचं स्वागत आहे. तपासा, सर."

मी शेडमध्ये जाऊन प्रकाश मोजायचं यंत्र घेऊन आलो. संजनाची पट्टी सोडून घेतली. पट्टीच्या एका बाजूला टॉर्च, दुसऱ्या बाजूला यंत्र. शेखरनी माइक माझ्या तोंडापुढे धरला. आता आमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त आहे: एकानं आकडा बघून मोठ्यानं सांगायचा, जोडीदारानं लिहायचा. पंचवीस वर्षांची सवय. यंत्रावर आकडा आला आणि मी तो खणखणीत आवाजात सांगितला, "शून्य!"

अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं.

"ऐकलंत?" शेखर गरजले. "खुद्द विद्यापीठाच्या सरांनी मोजलं! पट्टीतून येणारा प्रकाश शून्य!"

मागून कुणीतरी म्हणालं, "सरांच्या लंबकाकडे कुणी फिरकत नाही ना, म्हणून जळतायत." लोक हसले. मी यंत्र खिशात घालून निघालो. कान गरम झाले होते. वाईट याचं वाटत होतं, की तो माणूस खरं बोलला होता.

शेडमध्ये येऊन बसलो, तर दहा मिनिटांत बुधा मीनाला घेऊन आला. मघाची भीती त्याच्या चेहऱ्यावर नव्हती.

"सर, आम्ही संध्याकाळच्या गाडीनं पेठला चाललो. उद्याचं रद्द."

"रद्द? का?"

"ते सर बोलले, पापणी उघडी काय नि मिटली काय, सहा महिन्यात पोर पुस्तक वाचंल. मंग कात्री कशाला?"

"बुधा, तो लबाड माणूस आहे!"

"तुमीच मोजलं ना पण? शून्य बोललात. समद्यांनी ऐकलं." तो अवघडून खाली बघायला लागला. "रागवू नका सर. लोक बोलतात, तुमचा त्यांच्यावर डाव हाय. पण मशीनचा कुणावर डाव असतो?"

त्या भोंदूनं दिवसभर घसा फोडून जे साधलं नसतं, ते मी एका शब्दात करून दिलं होतं. पोरीचे डोळे जाणार, आणि ते माझ्या आकड्यामुळे.

मीना तोवर लंबकाशी खेळत होती. हनुवटी वर, नजर खाली. ती सहज म्हणाली, "ती ताई माझ्यावाणीच बघती."

"कोण ताई?"

"पट्टीवाली. वाचायच्या टायमाला मान अशी वर करती. मंग खालून दिसतं." आणि ती खुदकन हसली. "मला लगेच कळलं. मी रोज तसंच बघती."

मी खिशातला रुमाल काढला, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या डोळ्यांवर करकचून बांधला. अंधार. मग मीनासारखी हनुवटी वर केली आणि नजर खाली टाकली. माझ्या बुटांची टोकं दिसली. बुटाची सुटलेली नाडी दिसली. टेबलावरचा कागद पोटाशी धरला तर अक्षरन् अक्षर वाचता आलं.

नाक मधे येतं, म्हणून पट्टी गालाला चिकटत नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. मी कापडातून येणारा प्रकाश मोजला होता. प्रकाश येत होता नाकाशेजारून.

मी मीनाला घेऊन निघालो. तेजस्विनी सभागृहाबाहेर पाणी पीत होती. शेखरांचा पुढचा खेळ पाच मिनिटांत होता. खरं सांगतो, मला माइक हवा होता. त्या मंचावर उभं राहून त्या माणसाची आणि जमलं तर तेजस्विनीचीही जिरवायची होती. पण माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार? बुधासुद्धा ठेवत नव्हता.

"मला माइक नको," मी म्हटलं. हे म्हणताना फार जड गेलं. "हिला दे."

तेजस्विनीनं सगळं ऐकून घेतलं. "सर, त्यांना मी बोलावलंय. माझीच नाचक्की होईल."

"होईल."

तिनं पर्समधून स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ काढला, डोळ्यांवर बांधला, मान वर केली आणि माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून वाचलं, "सहयोगी प्राध्यापक." स्कार्फ सोडला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "चल गं मीना," ती म्हणाली.

मंचावर मीना अजिबात घाबरली नाही. माइक तिच्या हनुवटीला लागत होता.

"रुमाल बांधा," ती म्हणाली. "घट. आता मान वर करा. आता खाली बघा, नाकाच्या बाजूनं."

लोकांनी गंमत म्हणून बांधले. रुमाल, ओढण्या, स्कार्फ, एका आजोबांनी मफलर. एक पोरगं ओरडलं, "दिसतंय!" मग दुसरं. मग सगळीकडून आवाज, कुणी मोबाइल वाचतंय, कुणी हातावरची मेंदी बघतंय. मघाशी रडलेल्या बाई कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवत होत्या.

"या नकारात्मक लहरी आहेत!" शेखर ओरडले. "अशा वातावरणात शक्ती काम करत नाही!"

तेजस्विनी संजनाजवळ गेली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. पट्टी तशीच होती. तिनं वर्तमानपत्र संजनाच्या कपाळासमोर धरलं. "बाळा, इथे धरलं तर वाचता येतं?"

संजना बारीक आवाजात म्हणाली, "सर म्हणाले होते, फटीतून दिसतं ते कुणाला सांगितलं तर शक्ती जाते."

तिची आई मंचावर आली आणि तिला पोटाशी धरून खाली घेऊन गेली. शेखर फोन आल्याचं सांगून बाहेर गेले. त्यांचा माणसाच्या उंचीचा फलक संध्याकाळी आमच्या शिपायानं गुंडाळून ठेवला.

गर्दी पांगल्यावर बुधा माझ्याकडे आला. "सर, मंग तुमचं मशीन खोटं बोललं का?"

"मशीन खरं बोललं. मी चुकीच्या ठिकाणी मोजलं."

"तुमी एवढे शिकलेले, तरी?"

"मला ती पोरगी कशी वाचते ते शोधायचं नव्हतं, बुधा. मला त्या माणसाला हरवायचं होतं. म्हणून मी नीट बघितलंच नाही."

तो मान हलवत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मीनाला आत नेलं तेव्हा मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसलो होतो. हातातल्या वर्तमानपत्रात मेळाव्याचा फोटो होता. तेजस्विनी आणि मीना मधोमध, आणि कडेला एक कोपर. ते कोपर माझं. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही.

एवढंच सांगतो. चमत्कार दिसला तर टाळी वाजवायच्या आधी तो कुठून येतो ते बघा. मशीननं मोजलं असं कुणी म्हटलं, तर काय मोजलं आणि कुठे मोजलं, ते विचारा. विचारणाऱ्याच्या मनात राग असेल तर त्याचंही नीट तपासा. माझं तपासलं असतंत तर बरं झालं असतं.

दीड महिन्यानं दोघं तपासणीसाठी नाशिकला आली, तेव्हा प्रयोगशाळेत डोकावली. मीना लंबकासमोर उभी राहिली, हनुवटी खाली, डोळे समोर. मी तिच्या हातात घड्याळ दिलं. "वीस झोके मोजायचे आणि किती वेळ लागला ते मोठ्यानं सांगायचं."

"चाळीस सेकंद!" ती ओरडली.

मी वहीत लिहिणार, एवढ्यात बुधानं माझा हात धरला. "सर, बरोबर ठिकाणी मोजलं ना?"

मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "थांब, पुन्हा मोजू."