वायर पुरत नव्हती

"भाऊ, ही भिंत काँक्रीटची हाय. खोबण पाडायला गेलो तर कंपनीवाले मला परत कॉलनीत पाय ठेवू देणार नाय," स्टुलावरून उतरत नरहरी वायरमन म्हणाला.

कृष्णकांत हॉलच्या मधोमध उभा होता. मुंबईच्या एका बंद पडलेल्या क्लबातून त्याने तीन भिंगांचा व्हिडिओ प्रोजेक्टर आणला होता. त्र्याण्णव साल होतं आणि बोईसरच्या त्या कॉलनीत असं मशीन दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते खिडकीपाशी ठेवावं तर प्लग आणि व्हीसीआर होते स्वयंपाकघराच्या बाजूला. वायर तिथवर पुरत नव्हती. जमिनीवरून न्यावी तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात आली असती. लांब वायर मुंबईहूनच आणावी लागेल, असं नरहरीने सांगितलं. पुढे आणू, असं कृष्णकांत म्हणाला. तोवर मशीन टेबलावर चढवून स्वयंपाकघराच्या दारातच बसवायचं ठरलं.

"आणि मी कुठून जायचं?" त्याच्या बायकोने, दमयंतीने विचारलं.

"सिनेमा चालू असताना तुला कुठं जायचंय?" कृष्णकांत म्हणाला. तो चिडून बोलला नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी अंधारासाठी खिडकीवर चादर चढायची. कारखान्यातले लोक यायचे, त्यांचे प्रतापसाहेबसुद्धा यायचे. कृष्णकांत वर्षानुवर्षं एकाच जागी सुपरवायझर होता. त्याच्या मागून आलेले त्याच्या पुढे गेले होते. आता साहेब त्याला नावाने हाक मारत, त्याच्या खांद्यावर हात ठेवत. दमयंतीला ते दिसत होतं, म्हणून तीही काही बोलत नव्हती.

ती मशीनच्या मागे, ओट्यापाशी बसून राहायची. पंख्याची गरम हवा अंगावर यायची. पडद्यावरचं तिला काही दिसत नसे, नुसता आवाज ऐकू येई. चहाचा ट्रे ती टेबलाखालून सरकवायची आणि पलीकडे बसलेला कुणी तो उचलून घ्यायचा. टेबलाला जरा धक्का लागला की तिन्ही रंग फाकायचे, माणसांच्या तोंडांना लाल-हिरव्या कडा यायच्या, आणि ते पुन्हा जुळवताना सगळ्यांचा खोळंबा व्हायचा. सुरुवातीला एकदा संडासला जायचं म्हणून ती टेबलाखालून वाकून निघाली होती. तेव्हा तसंच झालं. साहेब हसले, पण कृष्णकांत नंतर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्यानंतर रविवारी सकाळपासून ती पाणीच कमी प्यायला लागली.

माघातल्या एका रविवारी सिनेमा ऐन रंगात आलेला असताना दाराची बेल वाजली. दार उघडलं, कुणीतरी हळू आवाजात बोललं, दार लागलं. थोड्या वेळाने कृष्णकांत मशीनशी वाकून म्हणाला, "आणखी एक चहा दे." कप संपले होते. दमयंतीने स्टीलच्या पेल्यात चहा गाळला आणि टेबलाखालून सरकवला.

सिनेमा संपला. चादर निघाली, उजेड आला, टेबल बाजूला झालं. दमयंती हॉलमध्ये आली तेव्हा दाराशी, चपला काढतात तिथे, तिचा धाकटा भाऊ बळवंत बसलेला होता. हातात तोच पेला, तसाच भरलेला. चहावर साय धरली होती.

"ताई, आई पडली," तो उठत म्हणाला. "तुला बोलावतेय सकाळपासून."

साहेब अजून चपला घालत होते. दमयंतीने नेसत्या लुगड्यानिशी पिशवी उचलली.

पालघरपर्यंत रिक्षात बळवंत बाहेर बघत होता. तिथून पुढे शिरगावच्या वाटेला लागल्यावर तो बोलला. आईला बरं नाय, ताईला न्यायला आलोय, असं त्याने भावोजींना सांगितलं होतं. भावोजी म्हणाले, थोडंच राहिलंय, बस. "एवढे साहेब बसलेले. मला हाकच मारवेना गं." दमयंतीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वाडीत दिवे लागले होते. ओटीवर बायका जमल्या होत्या. त्यांना बघूनच बळवंत जागच्या जागी खाली बसला. शेजारच्या गोदूबाईने दमयंतीला जवळ घेतलं. "आता आता गेली बाय. शेवटपर्यंत विचारीत होती, माझी दमा आली का."

तेराव्यानंतर दमयंती बोईसरला परतली, तर कृष्णकांत मुंबईहून लांब वायर घेऊन आलेला होता. नरहरीने ती दाराच्या चौकटीवरून फिरवली आणि लाकडी पट्टीखाली दडवली. मशीन खिडकीपाशी गेलं. एका सकाळीत काम झालं. स्वयंपाकघराचं दार मोकळं झालं.

नरहरी गेल्यावर कृष्णकांत त्या दारात येऊन उभा राहिला. "मला कल्पना नव्हती गं, इतकं असेल," तो म्हणाला.

"तुमाला नव्हती, हे खरं हाय," दमयंती म्हणाली. "पण त्याला चहा मी दिला. माझा भाऊ पलीकडं बसलाय, हे मला कळलं नाय."

ती भांडी लावायला आत गेली.

पुढच्या रविवारी लोक आले. खिडकीवर चादर चढली. दमयंतीने चहा करून थर्मासात भरला, थर्मास टीपॉयवर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत दार उघडून ती बाहेर पडली. जिना उतरून ती कॉलनीच्या फाटकापाशी आली आणि एस्टीच्या थांब्यावरच्या बाकावर बसली.

पालघरची गाडी आली. माणसं चढली. नेहमीच्या कंडक्टरने दोरीला हात घातला आणि तिला ओळखून थांबला. "बाई, शिरगावला जायचं असंल तर हीच गाडी. पालघरला बदला."

"नाय," ती म्हणाली. "तिथं आता आई नाय. जरा बसलेय."

गाडी निघून गेली. उन्हं अजून होती. दमयंतीने पदर सारखा केला, पाय बाकावर वर घेतले आणि रस्त्याकडे बघत ती सिनेमा संपेपर्यंत बसून राहिली.