सकाळची गोळी

सुनेने औषधं ठेवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा पलंगावर पालथा केला आणि मांडीवरच्या लेकीचे दोन्ही हात एका मुठीत धरले. काल ही रांगत खालच्या फळीवरच्या या डब्यापाशी पोचली होती. तोंडातून गोळ्यांची पट्टी ओढून काढली, तेव्हा तिच्यावर इवल्या दातांच्या खुणा होत्या.

“ही बाटली कशाची हो, आई?”

“गुडघ्याची.” सासूबाईंनी ती उजेडात धरली. “नाहीतर म्हशीच्या जंतांची. वास घेऊन बघ.”

“म्हणजे तुमचा गुडघा दुखला, की म्हशीचं औषध!”

“दोघींचंही वय झालंय. चालून जाईल.”

हसू आवरत सून तारखा वाचू लागली. मुदत संपलेलं सगळं पिशवीत जात होतं. चुलीत नको, ओढ्यातही नको, दवाखान्यात आणून द्या, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. सासूबाई प्रत्येक वस्तूला हात लावून मग सोडत होत्या, पाहुण्यांना निरोप दिल्यासारख्या.

तळाशी सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

“त्या राहू दे,” सासूबाई पटकन म्हणाल्या.

सुनेने वरची पट्टी उलटी केली. बाकीच्या काळवंडल्या होत्या. हिची फाटलेली चांदी मात्र आजच फोडल्यासारखी लखलखत होती. हल्ली रोज सकाळी सासूबाई चौकट धरून मटकन खाली बसायच्या, ते तिला आठवलं.

“आई, या तुम्ही घेता?”

सासूबाई नातीच्या झबल्याचा बंद बांधू लागल्या. तो सुटलेला नव्हताच.

“त्यांनी चूळ भरली, की हातावर गोळी ठेवायची. इतकी वर्षं तेच. अजून हात जातोच डब्याकडे. आणि एकदा काढलेली परत कशी ठेवायची? वाया जायची.”

सुनेने त्या सगळ्या पट्ट्याही पिशवीत टाकल्या आणि गाठ मारली.

“उद्या ही पिशवी दवाखान्यात द्यायला जाऊ, तेव्हा तुम्हीही चला. चक्करेचं दाखवून येऊ.”

लेकीच्या जीवनसत्त्वाच्या थेंबांची बाटली तेवढी मागे उरली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चूळ भरून आल्या. हात सवयीने डब्याच्या जागी गेला आणि रिकाम्या फळीवर थांबला.

“आई,” मोरीपाशी उभ्या असलेल्या सुनेने हाक मारली, “वरच्या कोनाड्यात हिचे थेंब आहेत. तेवढे तुम्ही द्याल का? रोजच द्या. माझे हात खरकटे असतात या वेळी.”

आणि आपले कोरडे हात तिने पदराआड घेतले.