शुक्रवारचा एप्रन

"टाकी कोणी धुतली?" जिनेव्राने विचारलं.

सोमवारची सकाळ. प्रातो शहरातल्या रंगकारखान्यात सगळे टाकीभोवती जमले होते. शुक्रवारी टाकीत जांभळं पाणी होतं, आणि पाण्यात तो रंग तयार करणारे, जिनेव्राने प्रयोगशाळेत वाढवलेले जिवंत जीवाणू. आता टाकी भांड्यासारखी लखलखत होती.

"मी," दुइलिओ म्हणाला.

चाळीस वर्षं तो लोकर रंगवत आला होता. शनिवारी दुपारी टाक्या रिकाम्या करायच्या, कढत पाणी आणि ब्लीच घालून घासायच्या, मग घरी जायचं. या शनिवारीही हात आपोआप चालले.

"काका, फ्रीजमधला राखीव साठा वीज गेली तेव्हाच खराब झाला होता. उरले होते ते एवढेच."

ती ओरडली नाही, तेच त्याला जास्त लागलं. दोन महिन्यांत या रंगाचं पहिलं कापड दाखवलं नाही, तर मालक तिचं काम बंद करणार होता.

दुपारी घरी बायकोने, इसोलिनाने, सूप वाढलं. त्याने चमचा उचलला नाही.

"कोण मेलं?"

"लाखो. मीच मारले."

तिने सगळं ऐकून घेतलं. "घरात एक ताट धुशील तर शपथ! आणि तिथे नको ते धुऊन आलास."

"हसू नकोस गं."

"हसते कुठे? तुझा शुक्रवारचा एप्रनही धुवायचा राहिलाय. गुडघा धरला होता माझा. तळघरात पडलाय तसाच ओला. घाण वास मारतोय."

दुइलिओ ताडकन उठून तळघरात गेला. ब्लीचसाठी शनिवारी तो रबरी एप्रन घालायचा. हा कापडी होता, टाकी ढवळताना भिजलेला. खिशाच्या शिवणीत अजून जांभळी ओल होती.

एप्रन बादलीत घालून, बादली मांडीवर घेऊन तो बसने कारखान्यात गेला. जिनेव्राने शिवणीतला एक धागा कापला आणि जीवाणूंचं खाद्य पसरलेल्या काचेच्या बशीत फिरवला.

पाचव्या दिवशी तिने बशी त्याच्यापुढे सरकवली. दुसऱ्याच जंतूंच्या पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या गर्दीत मोहरीएवढा एकच जांभळा ठिपका होता. दुइलिओने टोपी काढून हातात घेतली.

"रडताय काय काका? वाढवायचाय अजून," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

महिन्याभरात टाकी पुन्हा जांभळी झाली. त्या शनिवारी दुपारी त्याने सवयीने कढत पाण्याचा नळ सोडला, आणि लगेच बंद केला. टाकीच्या पोटावर हात ठेवून पाहिला. कोमट होती.

घरी इसोलिनाने त्याचे हात पाहिले. "आज काही धुतलं नाहीस?"

"नाही. टाकीला पांघरूण घालून आलो."

जेवण झाल्यावर तो उठला, दोघांची ताटं उचलली आणि नळाखाली सावकाश धुऊ लागला.