काकूंच्या जबड्याची मीटिंग

काकूंचा गाल कित्येक वर्षं ठणकत होता. दातवाल्या डॉक्टरांनी मेंदूवाल्यांकडे पिटाळलं, मेंदूवाल्यांनी पुन्हा दातवाल्यांकडे. शेवटी आज ते दोघं, व्यायामवाली ताई आणि मानसोपचारवाली ताई असे चौघं एकाच खोलीत जमले. व्यायामवालीने काकूंच्या जबड्यावर बोटं ठेवली. मानसोपचारवालीने विचारलं, "काकू, कधी जास्त दुखतं?"

"संध्याकाळी," काकूंच्या शेजारी बसलेले काका म्हणाले.

"झोप लागते?"

"चांगली घोरते की!"

गाल माझा, दुखणं माझं, आणि तोंडाचा पट्टा यांचा! काकू मनातल्या मनात धुमसल्या.

"थांबा!" व्यायामवाली ओरडली. "काका बोलले की जबडा दगडासारखा होतोय!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. औषधं, व्यायाम चालू ठेवायचे, पण काकूंना विचारलेल्या प्रश्नाला काकांनी उत्तर द्यायचं नाही.

काका ओठ घट्ट मिटून बसले. थोड्या वेळाने स्वतःचाच गाल चोळायला लागले.

"काका, तुम्हालाही दुखतंय का?" दातवाल्यांनी काळजीने विचारलं.

"कसलं दुखतंय? नुसती नाटकं!" काकूंनी परस्पर सांगून टाकलं.