शेजाऱ्याचा फासा

मर्व्ह लबाडी करतो हे बर्नी गावातल्या त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे मूग गिळून गप्प होते, कारण त्याच्या बायकोच्या हातचे लॅमिंग्टन केक दर गुरुवारी तोच घेऊन यायचा.

खेळ तसा साधा. नेटबॉल क्लबच्या मागच्या खोलीत चौघं जमायची. दाताच्या दवाखान्यात काम करणारी टॅम्सिन गोष्ट सांगायची आणि बाकीची तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायची. दरी ओलांडायची असो, राक्षस मारायचा असो की राजाला गंडवायचं असो, वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर भोगा. मर्व्हवर भोगायची वेळ कधी आलीच नव्हती. त्याचा फासा फिकट जांभळा, वरचे आकडेही जांभळेच. फासा टेबलाला टेकतो न टेकतो तोच मर्व्हचा पंजा त्यावर पडायचा आणि "अठरा!" अशी आरोळी उठायची. टॅम्सिननं त्याला ठळक आकड्यांचा एक फासा भेट दिला होता. तो दर वेळी नेमका घरी राहायचा.

ग्लेनिसचा मात्र जीव जळायचा. ती नेटबॉलची अंपायर. सख्ख्या भाचीला तिनं अंतिम सामन्यातून बाहेर काढलं होतं आणि बहीण नाताळपर्यंत तिच्याशी बोलली नव्हती. याचं ग्लेनिसला दुःख कमी आणि कौतुक जास्त होतं. शेवटी एका गुरुवारी तिनं केकचा डबा उघडायच्या आत तोंड उघडलं.

"मर्व्ह, तू फसवतोस."

"मी?" मर्व्हनं छातीवर हात ठेवला. "अंपायरबाई, नशीब लागतं त्याला!"

"तुझं नशीब भलतंच चपळ आहे राव," औषधांच्या दुकानातला होआंग म्हणाला. "आम्हाला कधी दिसतसुद्धा नाही."

"आजपासून आपला फासा आपण टाकायचा नाही," ग्लेनिसनं निकाल दिला. "मर्व्हच्या पाळीला मी टाकणार, माझ्या पाळीला मर्व्ह टाकेल. होआंगचा टॅम्सिन बघेल. दुसऱ्यासाठी कोण कशाला खोटं बोलतंय?"

मर्व्हनं खांदे उडवले. टॅम्सिननं सुटकेचा निःश्वास टाकून केकचा डबा टेबलाच्या मध्ये ठेवला आणि गोष्ट सुरू केली.

गोष्टीत ग्लेनिस हिल्डा व्हायची. हिल्डा बुटकी वैदीण. पोटभर प्यायची, बेसूर गायची, भेटेल त्याच्या गळ्यात पडायची आणि कुणाला कधी शिक्षा करायची नाही. तीन वर्षं ग्लेनिस तिला जपत होती. आठवडाभर मैदानावर शिट्टी फुंकून माणसांच्या शिव्या खाल्ल्या की गुरुवारी तासभर हिल्डा होता यायचं, आणि ते सुख तिनं घरी कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्या दिवशी राक्षसांनी झुलता पूल तोडला. हिल्डा हवेत.

"दहाच्या वर आलं तर दोर हाताला लागतो," टॅम्सिन म्हणाली. तिचाही आवाज उतरला होता. "नाहीतर हिल्डा गेली. मेलेलं माणूस परत आणायचं नाही, हे आपलं आधीच ठरलंय."

मर्व्हनं हिल्डासाठी आपला जांभळा फासा टाकला. तो डब्याला आपटून ग्लेनिसच्या पुढ्यात थांबला. चार. जांभळ्यावर जांभळा असला तरी स्वच्छ चार. लगेच पंजा पडला.

"सतरा!" मर्व्ह ओरडला.

होआंग छताकडे बघू लागला. टॅम्सिननं हळूच विचारलं, "ग्लेनिस, तू पाहिलंस?"

ग्लेनिसला हिल्डा हवी होती. फार हवी होती.

"सतरा," ती म्हणाली.

"अंपायर म्हणते म्हणजे सतराच," टॅम्सिन म्हणाली आणि हिल्डाच्या हाताला दोर लागला.

ग्लेनिसला वाटलं, आता मर्व्ह दात काढणार. पण तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि तेच तिला जास्त झोंबलं. आपण खोटं बोललो, तेही या माणसाच्या साथीनं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

आता पाळी मर्व्हची. त्याच्या कप्तान रूकला तुटक्या पुलावरून उडी मारायची होती आणि फासा टाकणार होती ग्लेनिस. तिचा फासा पांढराशुभ्र, आकडे काळेभोर. तो गडगडत गेला तो डब्याच्या आड, जिथं फक्त तिला आणि मर्व्हला दिसत होता. तीन.

उपकार फेडायला हवेत, तिच्या मनात आलं. एकदा बोललोच आहोत. तिनं तोंड उघडलं.

"पं..."

"तीन," मर्व्ह म्हणाला.

"काय?" होआंगच्या हातातला केक खाली पडला.

मर्व्हनं स्वतःच डबा उचलून बाजूला ठेवला. "तीन आलेत. बघा सगळ्यांनी." मग तो ग्लेनिसकडे वाकून पुटपुटला, "एकदा झालं तेवढं बास. तुला जमत नाही गं ते. कानापर्यंत लाल होतेस."

टॅम्सिननं जरा वेळ वाट पाहिली, तो शब्द फिरवतोय का म्हणून. मग तिनं कप्तान रूकला दरीत पडू दिलं. मर्व्हनं आपल्या पात्राचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला. इतकी वर्षं कधी न हरलेला माणूस, आता हातांचं काय करावं हे त्याला सुचेना. ग्लेनिसला ते बघवेना.

"टॅम्सिन," ती म्हणाली, "मघाशी चार होते. सतरा नाही. मी पाहिले होते. चार."

दोर सुटला. हिल्डा कप्तानाच्या मागोमाग दरीत गेली आणि ग्लेनिसनं डोळे पुसले.

"अगं बाई," मर्व्ह कळवळून ओरडला, "मग मी कशाला मेलो?"