वामनरावांचा दुसरा आवाज

मोहफुलांच्या दिवसांत मुलचेऱ्याकडच्या त्या गावात कोंबड्याच्या आधी वामनराव बोलायचे. वाघावर नजर ठेवायचं काम गावानंच त्यांच्या गळ्यात घातलेलं. पहाटे वाटेवरचे पंजांचे ठसे पाहायचे आणि गावाच्या ग्रुपवर आवाज टाकायचा, आज फुलं वेचायला नाल्याकडे जा, नाहीतर आज जाऊ नका. तो ऐकल्याशिवाय घरातून टोपली बाहेर पडत नसे.

सोमवारी त्यांच्याच आवाजात आलं, नाल्यावर वाघीण आहे. गाव गपगुमान घरी बसलं. अहो, कसली वाघीण न् काय! सख्ख्या पुतण्यानं, विक्कीनं, काकाचे जुने मेसेज मोबाइलमधल्या अ‍ॅपला ऐकवून हुबेहूब त्यांच्यासारखा नवा आवाज बनवला होता, आणि सगळ्यांच्या झाडांखालची फुलं एकट्यानं वेचून नेली होती. पकडल्यावर दात काढत म्हणाला, गंमत केली. वामनरावांना त्याचा धड रागही आला नाही, नुसता शीण आला. आयुष्यभराची पत पोरट्यानं दोन मिनिटांत मातीत घातली होती.

बुधवारी नाल्याच्या ओल्या रेतीत वामनरावांना खरोखरच वाघिणीचे ताजे पंजे दिसले, शेजारी दोन पिल्लांचे. त्यांनी आवाज टाकला. पण मनात पाल चुकचुकली, म्हणून दुखरे गुडघे ओढत ते दारोदार निघाले. बघतात तर लोक टोपल्या घेऊन तयार! त्यांना समोर पाहिलं तेव्हा कुठे थांबले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या रुखमाबाईच्या दाराला मात्र बाहेरून कडी होती.

चार माणसं घेऊन, डबे वाजवत, ओरडत ते नाल्यावर पोचले. म्हातारी मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. धडधाकट होती.

परतताना त्यांनी विचारलं, "बाई, मेसेज ऐकला नाई का?"

"ऐकला ना भाऊ. मले वाटलं, विक्कीच हाय. सोमवारची फुलं गेली, आजची बी काऊन जाऊ देऊ?"

तिचं चुकलं म्हणावं तरी कोणत्या तोंडानं? वामनराव म्हणाले, उद्यापासून मी स्वतः दारावर येऊन सांगीन.

"अन् ज्या दिवशी तुमी नाई आले, त्या दिवशी?"

गावात बेचाळीस घरं होती, आणि गुडघे दुखरे. वामनरावांनी तिच्या डोक्यावरची टोपली आपल्याकडे घेतली.

"त्या दिवशी मले वाघानं नेलं समजा, अन् घरीच थांबा."

रुखमाबाईनं मान हलवली. तिला ते पटलं होतं.