नोटीसरावांच्या तीन चौकटी

रिटायर झाल्यावर रोज सकाळी राजोडीच्या समुद्रावर फिरायला न्यायचं, असं आत्माराम सामंतांनी बायकोला कबूल केलं होतं. गिरगावातली खोली विकून बोळिंजला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला तो याच बोलीवर. शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात घालवलेल्या लतिकाबाई सहजासहजी कशाला हो म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या, पण समुद्राचं नाव निघालं आणि त्या विरघळल्या. त्या वेळी बोळिंज म्हणजे चार इमारती, मध्ये भाताची शेतं आणि दिवसाआड पाणी. हे सगळं त्यांनी समुद्राच्या आशेवर गोड मानून घेतलं.

पण पहिल्याच महिन्यात सोसायटीची सभा भरली. सचिव कोण होणार, असं विचारल्यावर सगळे छताकडे बघू लागले आणि आत्मारामराव उभे राहिले.

"तात्पुरतं आहे गं," घरी येऊन ते म्हणाले.

त्या तात्पुरत्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. सकाळी सहा वाजता, म्हणजे ज्या वेळी नवरा-बायकोने सुरूच्या झाडांखालून चालत असायला हवं नेमक्या त्या वेळी, आत्मारामराव गच्चीवर पाण्याच्या टाकीत काठी बुडवत. साधी काठी नव्हे. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रंगाच्या खुणा केल्या होत्या. काठी वर काढायची, ओली खूण चष्म्याजवळ आणायची आणि गच्चीच्या कठड्यावरून जाहीर करायचं, "दीड फूट! जपून वापरा!"

मग नोटिसा. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला फळा मिळाला की काय होतं, ते त्या जिन्याखालच्या फळ्याने सोसलं. 'गच्चीवर वाळत घातलेले पापड कावळ्याने नेल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' 'जिन्यातून जाताना चपलांचा आवाज करू नये. तथापि अनवाणी चालू नये.' शेवटी सही, खाली तारीख, आणि तारखेखाली एक रेघ.

"अहो, राजोडीचं काय?" लतिकाबाई विचारत.

"वार्षिक सभा होऊ दे. मग बघू."

त्या गणेशोत्सवानंतर कमिटी बदलायची होती. लतिकाबाईंनी मनाशी ठरवलं, की काहीही करून या माणसाला या वेळी पाडायचं. घरात भांडून उपयोग नव्हता, कारण भांडणाचंही त्यांनी इतिवृत्त लिहिलं असतं. लोकच हसले पाहिजेत. हसून हसून लोकांनी दुसरा सचिव निवडला पाहिजे.

लतिकाबाईंच्या शाळेत सालोमीबाई म्हणून मराठी शिकवायच्या. मूळच्या राजोडीच्या, आणि रिटायर झाल्यावर परत तिथेच राहायला गेलेल्या. त्यांचा भाऊ हिलरी, वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला म्हणतात तेच नाव देऊन, 'बावखल' नावाचं एक साप्ताहिक काढायचा. त्यात लग्नाच्या जाहिराती, चर्चच्या सणांच्या बातम्या, केळीवरचे रोग आणि रस्त्यांवरचे खड्डे असं सगळं यायचं. एक कोपरा मात्र कायम रिकामा राहायचा. तिथे हिलरी 'झाडे लावा' असं छापून टाकायचा.

"त्या कोपऱ्यात कार्टून घालता येईल का गं?" लतिकाबाईंनी विचारलं.

"कुणावर?"

लतिकाबाईंनी गच्चीकडे बोट दाखवलं. वरून संध्याकाळच्या मोजणीचा आवाज आला, "एक फूट! जपून वापरा!"

सालोमीबाई हसता हसता खुर्चीतून घसरायच्या बाकी राहिल्या. "बाय, तुझं लग्न मोडेल हं!"

"मोडत नाही. मोडायलासुद्धा सभा बोलवावी लागेल."

अशा रीतीने नोटीसराव जन्माला आले. तीन चौकटी, एक माणूस, एक काठी, बनियनला पाठीमागे एक भोक. कुठल्याही संकटावर नोटीसरावांकडे एकच उपाय असे, तो म्हणजे नोटीस. पहिल्या चित्रात घरात पूर आलाय. दुसऱ्यात नोटीसराव कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काठीने खोली मोजतायत. तिसऱ्यात भिंतीवर कागद, 'पाणी भरपूर आहे. तरी जपून वापरावे.' चित्रकाराचं नाव नाही. कोपऱ्यात चोचीत पापड धरलेला एक कावळा तेवढा असायचा.

दुपारी नवरा घोरायला लागला की लतिकाबाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर दौत उघडत. दर मंगळवारी सालोमीबाई वाडीतली केळी घेऊन येत आणि जाताना रिकाम्या पिशवीच्या तळाशी ती तीन चौकटींची पट्टी घेऊन जात.

'बावखल' शुक्रवारी येई. पहिल्या शुक्रवारी कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी तळमजल्याच्या जयवंतीबाई अंक नाचवत वर आल्या. आत्मारामरावांशी त्यांचा पापडांवरून उभा दावा होता.

"सामंतकाका, तुम्ही पेपरात आलात!"

आत्मारामरावांनी चष्मा पुसून पाहिलं, परत पुसला आणि परत पाहिलं. "हा मी नव्हे."

"मग काठी कुणाची?"

"काठी कुणाकडेही असू शकते!"

ते तडक खाली गेले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'साप्ताहिकात येणाऱ्या चित्रांचा या संस्थेच्या सचिवांशी काहीही संबंध नाही.' तोवर ज्या चार बिऱ्हाडांना संबंध ठाऊक नव्हता, त्यांना तो कळला. तिसऱ्या शुक्रवारी नोटीसरावांनीही त्यांच्या फळ्यावर नेमकं हेच लिहिलेलं होतं.

"हा कावळा मला सापडू दे," आत्मारामराव जेवताना म्हणाले. "घरातली गोष्ट घरात घडते आणि शुक्रवारी छापून येते म्हणजे काय!"

"भात वाढू?" लतिकाबाईंनी विचारलं.

आता हे असंच चाललं असतं तर लतिकाबाईंचा बेत तडीला गेला असता. पण हसू कुठे थांबावं ते चित्र काढणाऱ्याच्या हातात नसतं. महिन्याभरात लोक अंक मागून नेऊ लागले. चंदनसारच्या सलूनमध्ये ती पट्टी आरशावर चिकटली. राजोडीला एका लग्नात वाढपी म्हणाले, "पोट बिघडलं तर संस्था जबाबदार राहणार नाही." खुद्द जयवंतीबाईंनी आपल्या पापडांच्या डब्यावर नोटीसराव कापून लावले. रस्त्याने जाताना आत्मारामरावांना अनोळखी माणसं हात जोडू लागली, "काय नोटीसराव, किती फूट?"

पहिल्यांदा ते गुरकावले. मग एकदा नुसतं "सव्वा" म्हणाले. मग लतिकाबाईंच्या लक्षात आलं, की हा माणूस गुरुवारी दाढी करायला लागलाय आणि शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी खाली उतरतोय.

वार्षिक सभा आली. सचिवपदासाठी कोण, असं विचारल्यावर या वेळी कुणी छताकडे पाहिलं नाही. "नोटीसरावच पाहिजेत!" मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. जयवंतीबाईंनी अनुमोदन दिलं. बिनविरोध! आत्मारामराव काठी उंचावून उभे राहिले आणि कोपऱ्यात बसलेल्या लतिकाबाईंना राजोडीचा समुद्र आणखी तीन वर्षं लांब गेलेला दिसला.

"तूच निवडून आणलंस की त्याला," सालोमीबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "उमेदवार स्वतःच्या प्रचाराला एवढं करत नाहीत."

दुपारी लतिकाबाईंनी दौत उघडली. पहिल्या चौकटीत नोटीसराव फळ्यावर राजीनामा लावतायत. दुसरीत किल्ल्या देतायत. तिसरीत समुद्र, दोन पाठमोरी माणसं, वाळूत काठीची रेघ. कावळा उडून चाललाय. खाली 'समाप्त'.

तो शुक्रवार बोळिंजला फार जड गेला. हिलरीकडे पत्रांचा ढीग पडला. "नोटीसराव आजारी आहेत का?" म्हणून लोक सामंतांच्या दारात चौकशीला आले, एकाने तर शहाळं आणलं. आत्मारामराव दिवसभर अंक उलटसुलट करत बसले. त्या दिवशी टाकीत काठीही पडली नाही.

मंगळवारी त्यांनी एक न चिकटवलेलं पाकीट बायकोच्या हातात दिलं. "सालोमीबाई आल्या की त्यांच्याकडे दे. संपादकांसाठी आहे." आणि ते गच्चीवर गेले.

जिन्यातली पावलं थांबल्याबरोबर लतिकाबाईंनी पत्र उघडलं.

'मा. संपादक यांस. आपल्या अंकातील सचिव यांस कोणतीही पूर्वसूचना न देता निवृत्त करण्यात आले, हे नियमास धरून नाही. तरी त्यांस त्वरित पुन्हा कामावर घ्यावे. तसेच निदर्शनास आणून देण्यात येते की, त्यांच्या बनियनचे भोक उजव्या खांद्याखाली आहे. गेले आठ अंक ते डावीकडे दाखवण्यात येत आहे. योग्य ती दुरुस्ती व्हावी. आपला, आ. सामंत.'

लतिकाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. बनियनवर शर्ट घातल्याशिवाय या माणसाने कधी उंबरठा ओलांडला नव्हता. ते भोक जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला ते पाठीवर असल्यामुळे दिसत नव्हतं. मग त्याने ते कधी पाहिलं? बनियन उतरवून, चित्राशेजारी धरून?

दौत काढायला त्यांनी ओट्यावरचं फडताळ उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. सही, तारीख, तारखेखाली रेघ.

'या घराच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, १) दौतीचे झाकण घट्ट लावावे, शाई वाळते. २) दुपारी सचिव झोपल्याचे सोंग घेऊन घेऊन कंटाळले आहेत, तरी यापुढे उघडपणे चित्रे काढण्यास हरकत नाही. ३) उद्या सकाळी सहा वाजता राजोडी येथे जाण्याचे योजिले आहे. टाकीचे काम सौ. जयवंतीबाई पाहतील. सर्व सभासदांनी वेळेवर हजर राहावे. उशीर झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.'

सभासद दोनच होते. दोघेही वेळेवर हजर राहिले.

राजोडीला ओहोटी होती. सुरूच्या झाडांखालून वाळूवर आल्यावर लतिकाबाईंनी चपला हातात घेतल्या आणि तीन वर्षं वाट पाहिलेला समुद्र डोळे भरून पाहिला. शेजारी नवरा होता. नवऱ्याच्या हातात काठी होती.

"ही कशाला आणलीत?"

"कुत्री असतात," आत्मारामराव म्हणाले आणि पाण्याकडे निघाले. घोट्याएवढ्या पाण्यात थांबून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाहीसं पाहून काठी हळूच बुडवली, वर काढली आणि ओली खूण चष्म्याजवळ नेली.

लतिकाबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. पहिली चौकट मनात झाली होती. दुसरी समोर उभी होती.

"जरा पाठ करा इकडे," त्या ओरडल्या. "भोक उजवीकडे काढायचंय."